साडेअकराला उठतील

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा ते मेलेले होते.

खोटं नाही सांगत. रविवारची सकाळ, अकरा वाजायला पाच-दहा मिनिटं असतील. अलिबागच्या ऑफिसात हजर होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता आणि पेणच्या खारपट्टीतल्या आमच्या गावाहून रोज एसटीने ये-जा करून कंबरेचा पार भुगा झाला होता. ऑफिसातला शिपाई म्हणाला, पेन्शनच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांची मागची खोली रिकामी आहे, रविवारी जाऊन बघा. म्हणून गेले. ओटीवर खाट, खाटेवर एक उंच, सडसडीत माणूस उताणा, हात छातीवर, डोळे मिटलेले आणि पायाचे दोन्ही अंगठे पांढऱ्या चिंधीने एकत्र बांधलेले. मी एक पायरी मागे सरकले. तेवढ्यात पदराला हात पुसत आतून काकू आल्या. गोल चेहरा, कपाळावर हे एवढं कुंकू. म्हणाल्या, "खोली बघायला आलीस ना? बस गं. ते मेलेत. साडेअकराला उठतील."

मी बसले. काय करणार? पळून जावं तर भाडं परवडण्यासारखं होतं.

साडेअकराला ते खरंच उठले. अंगठ्यांची चिंधी सोडली, तिची नीट घडी घालून खिशात ठेवली, आणि माझ्याकडे न बघता काकूंना विचारलं, "मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती मागितल्यास?"

"पाच," काकू म्हणाल्या.

"दहा! दहा सांगितल्यात ना? बँक, पोस्ट, विमा, वीज, घरपट्टी. पाच कुठे पुरतायत तुला? पुन्हा रांगेत उभी राहशील?" मग माझ्याकडे वळून अगदी सौम्यपणे, "तुम्ही कोण?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी, साडेदहा ते साडेअकरा, भाऊसाहेब मरायचे. त्या एका तासात काकूंनी त्यांच्यामागे करायची सगळी कामं करून दाखवायची. तांदळाच्या डब्यातून कपाटाची चावी काढायची, हिरवी फाइल शोधायची, कुटुंब निवृत्तिवेतनाचा फॉर्म भरायचा, बँकेत काय बोलायचं ते मोठ्याने बोलून दाखवायचं, विम्याची पावती कुठे ते सांगायचं. मेलेल्या माणसाला काही विचारायचं नाही, आणि मेलेल्या माणसाने उत्तर द्यायचं नाही. हा मुख्य नियम. मी राहायला गेल्यावर मला परीक्षक नेमलं. मनगटावर घड्याळ होतं आणि अक्षर चांगलं होतं, एवढीच माझी पात्रता. कुठे चुकलं, किती वेळ लागला, मी लिहून ठेवायचं, आणि साडेअकराला भाऊसाहेब ते वाचून काकूंना शंभरापैकी गुण द्यायचे.

माझी आई एकदा मला भेटायला आली ती नेमकी पहिल्या रविवारी. उंबऱ्यातच थबकली. सगळा प्रकार बघितला आणि मला बाजूला ओढून म्हणाली, "बाय, यो मानूस येरा हाय का? जित्यापनी मरून दाखवतंय! तू दुसरी खोली बघ." मला हसू आवरेना. खाटेवरच्या प्रेताच्याही ओठांचा कोपरा हलला. आईने तो बघितला आणि ती आणखीच घाबरली.

पण ते वेडे नव्हते हो. त्यांच्या टेबलासमोर चार दिवस बसलं असतं कुणी, तर कळलं असतं.

त्या टेबलावर बायका यायच्या. हातात कॅरीबॅग, तिच्यात नवऱ्याचे सगळे कागद कोंबलेले, लाइटच्या बिलापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत. कुणाचं नाव सेवापुस्तकात एक, रेशनकार्डावर दुसरं. कुणाला नवऱ्याचं खातं कुठल्या बँकेत ते ठाऊक नाही. एका ड्रायव्हरची बायको, मुरुडकडची, सात वेळा एसटीने आली. प्रत्येक वेळी एक कागद कमी. सातव्या वेळी ती टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "साहेब, त्यांनी मला काहीच सांगून ठेवलं नाही हो." भाऊसाहेबांनी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. घरी येऊन काकूंना म्हणाले, "हे वाक्य तू आयुष्यात कुणासमोर म्हणायचं नाहीस. समजलं?" पुढच्या रविवारपासून त्यांनी मरायला सुरुवात केली. हे मला काकूंनीच सांगितलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवेआगरला भावकीत एक नारळी-पोफळीची वाडी होती, तिच्यातला वाटा नावापुरता. म्हणजे भाऊसाहेब गेले की काकू एकट्या. हे ते अगदी थंडपणे म्हणायचे. उद्या भरती किती वाजता आहे ते सांगावं तसे. "मी आधी जाणार. पुरुष आधी जातो. माझ्या टेबलावर बघ की. चोवीस वर्षं झाली, नवऱ्यांच्या मागे बायका आल्या. बायकोच्या मागे एक तरी पुरुष आलाय का?"

मीही मान डोलवायची. आम्ही कारकून माणसं. टेबलावर येतं तेवढंच जग.

बरं, आधी जायचंच आहे तर माणसाने निवांत राहावं. नाही. ते पहाटे पाचला उठून किनाऱ्यावर अनवाणी चालायचे. ओहोटी असेल तर समुद्रातल्या किल्ल्याकडे तोंड करून पाणी घोट्याला लागेपर्यंत, भरती असेल तर वाळूवरून तेवढीच पावलं. येऊन कारल्याचा रस. तो पिताना चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. चहा नाही, तळण नाही, साखर नाही. प्रत्येक घास बत्तीस वेळा. त्यांच्यासोबत जेवायला बसलं की आपलं ताट पुसून झालं तरी ते पहिल्या भाकरीवर असायचे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासून आणायचे आणि रिपोर्ट हिरव्या फाइलमध्ये, तारखेनुसार. "शरीर ही सरकारी गाडी आहे," म्हणायचे. "देखभाल केली नाही की निर्लेखन करून भंगारात काढतात." आणि, "म्हातारपण रजेसारखं असतं. आधी अर्ज दिला तरच नीट मिळतं." ऑफिसात कुणी तिशीतला पोरगा वडापाव खाताना दिसला की ते शेजारी जाऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाही. नुसते बघायचे. वडापाव गिळेनासा व्हायचा.

आणि फोटो! पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. बाकी लोक निवृत्तीच्या महिन्यात काढतात. हे दर तीन वर्षांनी काकूंना स्टुडिओत न्यायचे, चेहरा बदलतो म्हणून. सगळे फोटो हिरव्या फाइलीत ओळीने लावलेले. प्रत्येकात दोघं तशीच ताठ, काकूंची तीच मोरपंखी साडी. मला ते दाखवताना एकदा काकू म्हणाल्या, "आमचं फिरणं म्हणजे एवढंच गं. स्टुडिओपर्यंत."

रजा काढायचे नाहीत ना. सगळी रजा साठवली, शेवटी पैसे मिळतात म्हणून. काकूंना एकदा मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचं होतं. इथे जन्म गेला आणि मी बोटीत बसले नाही, म्हणायच्या. "निवृत्तीनंतर," भाऊसाहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर म्हणाले, "आता पेन्शनवर बसलोय, बघू."

मला लवकर राग येतो म्हणतात लोक, मी पटकन तापते. तापते, आणि आजही या एका गोष्टीवर तापते. बोटीचं तिकीट असं किती होतं?

काकू मात्र तापायच्या नाहीत. त्यांनी वेगळाच खेळ मांडला होता. नवऱ्याला त्या तासाभरात बोलायला लावायचं. "अहो, प्रेताच्या नाकावर माशी बसलीय, हाकलू का?" प्रेत गप्प. "आमटीत मीठ घातलं का मी? जरा चाखता का मरता मरता?" गप्प. एकदा त्यांनी दूध मुद्दाम उतू जाऊ दिलं आणि मोठ्याने सांगत राहिल्या, "आलं हं, आलं, गेलं!" जळका वास ओटीपर्यंत आला, पण भाऊसाहेबांनी पापणी हलवली नाही. एकदा स्वयंपाकघरात भांडं आपटून "पडले हो, पडले, पाय मोडला!" म्हणून ओरडल्या. मी धावत गेले तर ओट्यापाशी उभ्या राहून पदर तोंडात कोंबून हसतायत. मी परत आले आणि मीही हसले. खाटेवर ओठांचा कोपरा हलला, तेवढंच. फक्त एकदा काकू जिंकल्या. म्हणाल्या, "तुमचा दिवेआगरचा चुलतभाऊ फाटकाशी आलाय, वाडीच्या कागदावर सही मागतोय." भाऊसाहेब अंगठे बांधलेलेच ताडकन उठले आणि तोंडावर आपटले. काकू आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

आणि त्यांना कधी पूर्ण गुण मिळाले नाहीत. नव्वद, ब्याण्णव, पंचाण्णव. फॉर्मवर एक रकाना असतो, मृत्यूची तारीख. तो त्या दर महिन्याला कोरा सोडायच्या. भाऊसाहेब चिडायचे. "आजची तारीख घाल! त्याशिवाय फॉर्म परत येतो, मी स्वतः परत पाठवतो!" काकू म्हणायच्या, "राहिलं बाई."

एकदा मागच्या अंगणात भांडी घासताना मी विचारलं, "काकू, तुम्हाला सगळं पाठ आहे. तारीख काय एवढी अवघड आहे?"

त्यांनी राखेचा हात थांबवला. "मुद्दाम सोडते गं. सगळं बरोबर आलं तर हे निर्धास्त होतील. निर्धास्त माणूस फार दिवस थांबत नाही."

तेव्हाच पाण्याची बादली उचलताना त्यांना धाप लागली. पायरीवर बसल्या. "हल्ली होतं असं," म्हणाल्या. मी त्याच संध्याकाळी भाऊसाहेबांना सांगितलं की काकूंना एकदा दाखवून आणा. ते रिपोर्टांच्या कडा जुळवत होते. म्हणाले, "तिला काय होतंय? आठ वर्षांनी लहान आहे माझ्यापेक्षा. जरा वजन वाढलंय. ज्याच्या पगारावर घर चालतं, त्याचं इंजिन आधी बघायचं." आणि हे बोलताना त्यांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. तिच्यासाठीच तर ते स्वतःला जपत होते. तिला शक्य तितकी उशिरा एकटी सोडायची, आणि सोडायची तेव्हा बिनघोर सोडायची, याच्यापलीकडे त्या माणसाला दुसरा ध्यास नव्हता. म्हणूनच मला त्यांना धड शिव्याही देता येत नाहीत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात लोक रडायच्या तयारीने आले होते. हे उठले आणि म्हणाले, "सर्वांनी आपापली नामनिर्देशनं तपासावीत. तिघांची जुनी आहेत, एकाने तर लग्नाआधीची आईच ठेवली आहे." आणि बसले. त्यांच्यामागून ते टेबल माझ्याकडे आलं. पहिले सहा महिने ते रोज फाटकाशी मला गाठून विचारायचे, आज कोण आलं होतं.

निवृत्तीला तीन वर्षं झाली होती. पावसाळा सरून कडक ऊन पडायला लागलं होतं. पहिला रविवार.

साडेदहाला भाऊसाहेब खाटेवर आडवे झाले, मी त्यांचे अंगठे बांधले. तेही माझ्याकडेच आलं होतं तोवर. मी ओटीच्या पायरीवर वही घेऊन बसले. काकूंनी चावी काढली, कपाट उघडलं, फाइल घेतली. कपाट ओटीला लागून असलेल्या खोलीत, दार उघडं, मला सगळं दिसत होतं. बँकेचं बोलणं म्हणून झालं. फॉर्म भरायला घेतला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी वहीत लिहिलंय ते.

"अहो," काकू म्हणाल्या. "उठा ना जरा. मला बरं वाटत नाहीय."

भाऊसाहेब गप्प.

"छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय हो."

आणि मी हसले. चांगली मोठ्याने हसले. म्हटलं, "काकू, माशी झाली, दूध झालं, पाय मोडला. आज छाती का? उठायचे नाहीत ते!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. कपाटाला पाठ टेकून खाली बसल्या, फाइल मांडीवर घेतली आणि मान खाली घालून लिहायला लागल्या. मला वाटलं, रुसल्या. मी वहीत लिहिलं, 'खाली बसून फॉर्म भरत आहेत.' वीस मिनिटं. रस्त्यावरून केळीवाला गेला. मी त्याच्याकडून अर्धा डझन केळी घेतली, सुट्टे पैसे मोजून घेतले, परत येऊन पायरीवर बसले. साडेअकराला म्हटलं, "उठा भाऊसाहेब, वेळ झाली."

ते उठले, चिंधी सोडली, घडी घालून खिशात ठेवली, आत गेले. मग मला हाक मारली. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

काकू घामाने न्हाल्या होत्या. ओठ पांढरे. तरी हातात फॉर्म धरलेला.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. भाऊसाहेबांनी सवयीने हिरवी फाइल बरोबर घेतली होती. डॉक्टर विचारत होते, "यांना बीपी आहे? शुगर? आधीचे काही रिपोर्ट?" भाऊसाहेब फाइल उघडून पानं उलटत होते. रिपोर्ट होते ना. वीस वर्षांचे, तारखेनुसार. सगळे त्यांचे. ते एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. डॉक्टरांनी हळूच त्यांच्या हातून फाइल काढून बाकावर ठेवली.

"दुखायला लागून किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं," भाऊसाहेब म्हणाले. "मी झोपलो होतो."

मी शेजारी उभी होते. मी काहीच बोलले नाही.

पनवेलला हलवा म्हणाले. अँब्युलन्स वडखळला पोचायच्या आत काकू गेल्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. त्या काही बोलल्या असत्या, मला शिवी दिली असती, तरी चाललं असतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्या टेबलासमोर चार बायका होत्या, त्यांच्यामागे रांगेत उभे राहिले. मी "या ना, बसा ना" म्हटलं तरी हलले नाहीत. नंबर आल्यावर म्हणाले, "पत्नी वारली. कुठला फॉर्म भरायचा?"

मी म्हटलं, "काही नाही, भाऊसाहेब. तुमची पेन्शन आहे तशी चालू राहते. वारस म्हणून त्यांचं नाव आहे ते कमी करायला एक साधा अर्ज, तोही सवडीने द्या."

"फॉर्म नाही?"

"नाही."

ते टेबलाची कड धरून उभे राहिले. मागची बाई चुळबुळ करायला लागली. मग म्हणाले, "म्हणजे बायका जातच होत्या गं. चोवीस वर्षं. त्यांचे नवरे इथे आले नाहीत, कारण त्यांना इथे यायचं कामच नव्हतं." माझ्याकडे असं बघत होते, जसं काही मी त्यांना सांगायला हवं होतं. "मी म्हणत राहिलो, पुरुष आधी जातो. टेबल बघून म्हणत राहिलो."

एवढं बोलून गेले. मी पुढच्या बाईचे कागद घेतले आणि मला अक्षर दिसेना.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण सांगते. भाताला पाणी किती लागतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. काकूंना त्यांनी मेलेल्या नवऱ्याचं सगळं शिकवलं होतं, काकूंनी त्यांना काही शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मीठ कुठल्या बरणीत, दूधवाल्याचा हिशेब कसा, घरात सुई कुठे असते, काही नाही. मी शिकवलं थोडं. मग माझं लग्न झालं, बदली झाली, खोली सुटली. नंतर दुसरी बदली झाली. फिरून आता त्याच टेबलावर आलेय. या सगळ्या वर्षांत ते पहाटे पाचला चालतच होते. वादळाच्या वर्षी दिवेआगरची वाडी भुईसपाट झाली, भावकीतली माणसं रडली. हे म्हणाले, "माझ्यामागे कुणाला द्यायची होती?" आणि चालायला गेले.

ओटीवरची खाट मात्र त्यांनी काढून टाकली. दिवसा कधी आडवे होत नाहीत. दुपारी खुर्चीत ताठ बसून डुलक्या घेतात आणि कुणाची चाहूल लागली की "काय? काय झालं?" करून उठून उभे राहतात. मांजर आलं तरी.

एकदा त्यांनी मला सांगितलं, चोरी कबूल करावी तसं, की त्यांनी महिनाभर भजी खाल्ली. कारल्याचा रस बंद, चालणं बंद. रोज नाक्यावरच्या टपरीवर भजी, जिलबी, तीन कप चहा. "मग?" मी घाबरून विचारलं.

"रक्त तपासलं. सगळं नॉर्मल." हसले. ते हसणं बघवत नव्हतं. "फार नीट ठेवलं गं मी हे शरीर. आता काय करू याचं?"

ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचा बीपी बघून टाळी वाजवली. "आजोबा, सेंच्युरी मारणार तुम्ही!" मी होते तिथे. त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी आत येऊन शिक्षा वाचून दाखवली.

घरी मी बदललेय. माझ्या नवऱ्याचे दोन ट्रक आहेत, रात्रंदिवस पेण-जेएनपीटी फेऱ्या, अंगाकडे बघायला वेळ नाही म्हणतो. मी त्याला ओढून तपासायला नेते, आणि त्याच दिवशी माझंही रक्त देते. दोघांचे रिपोर्ट एकाच फाइलीत. आणि आमच्या घरात थट्टेतसुद्धा कुणी 'दुखतंय' म्हणायचं नाही. मुलगी एकदा शाळा चुकवायला पोट धरून बसली, तर मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. "आई, खोटं होतं गं!" ती रडत सांगत होती. मी थांबले नाही. ती म्हणते, तू जरा येडीच आहेस. असू दे.

यंदाच्या नोव्हेंबरात भाऊसाहेब हयातीच्या दाखल्याला आले. दरवर्षी पेन्शनरने जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. आता ते घरबसल्या मोबाइलवर होतं, पण हे येतात. ऐंशी पूर्ण झाली होती. ऐंशीनंतर पेन्शन वाढते, तेही कागद होते. मी म्हटलं, "अभिनंदन, भाऊसाहेब." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"कुणासाठी वाढवतायत?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

मग हिरव्या फाइलीतून त्यांनी एक पिवळा पडलेला फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. काकूंचं अक्षर. शेवटच्या रविवारचा. नाव, पत्ता, खातं, सगळं बरोबर, शेवटी शेवटी रेघा थोड्या खाली गेलेल्या. दाखल्याच्या प्रती, दहा. मृत्यूची तारीख, कोरी. म्हणाले, "हा तुझ्याकडे ठेव. माझ्यामागे रद्दीत जाईल. गुण द्यायचे राहिले होते तिला."

दुपारची जेवणाची वेळ, टेबलासमोर दुसरं कुणी नव्हतं. आणि इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "भाऊसाहेब, त्या दिवशी मी हसले होते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ऐकलं होतं मी," ते म्हणाले.

मला पुढे विचारायचं नव्हतं. पण ते बोलत राहिले, खाली फॉर्मकडे बघत, हळू.

"तिचा आवाज वेगळा वाटला होता मला. बत्तीस वर्षांचा संसार, कळतं. उठणारच होतो. पण डोळे मिटलेले होते ना माझे. तेवढ्यात तू हसलीस. म्हटलं, हिला समोर दिसतंय, आणि ही हसतेय. म्हणजे बरी आहे."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. होत नव्हती.

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? झुरणारे एकाचे दोन झाले असते." त्यांनी हयातीचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "नियम माझा होता गं. तू परीक्षक होतीस फक्त. मार शिक्का, बस चुकेल माझी."

त्यांना बस नव्हती. घर दहा मिनिटांवर आहे.

त्यांनी सही केली, तीच जुनी, वळणदार, एक काना इकडचा तिकडे नाही. त्या फॉर्मवर खाली एक ओळ छापलेली असते. वरील निवृत्तिवेतनधारक आज माझ्यासमोर हजर झाले आणि ते हयात आहेत, असं मी प्रमाणित करते. मी तारीख घातली, शिक्का मारला, आणि त्या ओळीखाली सही केली.